एकास चाळीस : कालाकुंडच्या थांब्याचे प्रकरण

इंदूरजवळच्या महूच्या छपरांवर पडलेला पाऊस गंभीर नदीत जातो. गंभीर क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, आणि ते पाणी अखेर बंगालच्या उपसागरात पोचते. महूहून दक्षिणेला जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर, पाताळपाणीच्या कड्यावर पडलेला पाऊस मात्र चोरल नदीबरोबर खाली उडी घेतो, बडवाहजवळ नर्मदेत शिरतो आणि अरबी समुद्राकडे जातो. एका तासाच्या चालीत देशाचे पाणी दोन समुद्रांत वाटले जाते, पण महूच्या सपाट माळावरून जाताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पाताळपाणीला माळवा संपतो, आणि तो हळूहळू उतरत नाही, एकदम तुटतो. धबधब्याची उंची साधारण ३०० फूट सांगतात. विंध्याचा हा दक्षिण कडा म्हणजे पठाराची कापलेली बाजू आहे.

या कड्याच्या तळाशी, चोरलच्या खोऱ्यात, कालाकुंड आहे. इंदूर जिल्हा, महू तहसील. भोवती सागाचे आणि खाकऱ्याचे (म्हणजे पळसाचे) जंगल, भिल्ल-भिलाल्यांची वस्ती. सपाट शेतजमीन थोडी. मोठी बाजारपेठ नाही, किल्ला नाही, दूरवरून लोक नवस फेडायला येतील असे देवस्थान नाही. तरी इंदूरच्या रामबागेतल्या किंवा महूच्या जुन्या मराठी घरातल्या कुठल्याही आजीला विचारा, कालाकुंड तिला ठाऊक असते. कारण एकच : तिथे गाडी थांबायची. ती का थांबायची, किती वेळ थांबायची, त्या थांब्यावर गाव कसे उभे राहिले आणि थांबा गेल्यावर काय झाले, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

नावाबद्दल आधीच सांगून टाकावे. गाव कालाकुंड, तिथली प्रसिद्ध मिठाई कलाकंद. उच्चार जवळचे, म्हणून एकाचे नाव दुसऱ्यावरून पडले अशी गंमत प्रवासात नेहमी चालते. कलाकंद उत्तरेत सगळीकडे होतो. गावाचे नाव मात्र ‘काला’ आणि ‘कुंड’ असे सरळ फुटते, आणि काळ्या दगडात नदीने कोरलेल्या डोहांच्या खोऱ्यात असे नाव असणे अगदी स्वाभाविक आहे.

खाली उतरायच्या तीन वाटा

हा काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा थरावर थर साचला. एक थर घट्ट, वरचा सच्छिद्र, मध्ये कुठे लाल मातीची पट्टी. घट्ट थर टिकतो, मऊ थर झिजतो, म्हणून डोंगराला पायऱ्या पडतात आणि नदीला धबधबे. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हे ओळखीचे वाटेल. दगड तोच आहे. फरक पावसाचा. इंदूर-महूकडे वर्षाला साधारण ९५० ते १,००० मिलिमीटर पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. त्यामुळे ऑगस्टमध्ये गर्जणारा पाताळपाणी फेब्रुवारीपर्यंत ओल्या भिंतीइतकाच उरतो.

पठारावरून निमाडात, म्हणजे खालच्या नर्मदेच्या खोऱ्यात, उतरायच्या वाटा या भागात पूर्वापार ठरलेल्या. महूहून मंडलेश्वर-महेश्वरकडे जाणारी वाट जाम घाटाने उतरते. तिथे अहिल्याबाईंच्या काळातला जाम दरवाजा आजही उभा आहे. इंदूरहून सिमरोलवरून खंडव्याकडे जाणारी वाट भेरू घाटाने उतरते. माणूस, घोडा, बैलगाडी यांना दोन्ही चालतात, कारण बैल थकला तर दगडाची उटी लावून थांबता येते आणि चार वळणे घेऊन चढ मोडता येतो. रेल्वेला हे जमत नाही. तिला खोऱ्याच्या कडेकडेने, न थांबता, एकसारखा उतार हवा. तसा उतार या पट्ट्यात चोरलच्या खोऱ्यानेच दिला. म्हणून तिसरी वाट, रुळांची, पाताळपाणी-कालाकुंडमधून गेली.

होळकरांचे कर्ज

१८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि महूला इंग्रजांची छावणी बसली. पुढच्या पन्नास वर्षांत इंदूर कापूस आणि अफूची मोठी पेठ झाले. माल मुंबईला न्यायचा तर बैलगाडीने घाट उतरून नर्मदा ओलांडावी लागे. १८७० मध्ये तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी इंदूरच्या रेल्वेलाइनसाठी सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले : १०१ वर्षांची मुदत, साडेचार टक्के व्याज. मुंबई-जबलपूर लाइनवरचे खंडवा हे जोडस्थान ठरले आणि लाइनचे नाव होळकर स्टेट रेल्वे पडले. रूळ मीटरगेजचे, म्हणजे एकमेकांपासून एक मीटर अंतरावरचे.

काम खालून वर झाले. खंडवा-सनावद तुकडा १ डिसेंबर १८७४ ला सुरू झाला. नर्मदेवरचा पूल ५ ऑक्टोबर १८७६ ला उघडला. १९७ फुटांचे १४ गाळे, रुळांखालून बैलगाड्यांचा रस्ता. पुलाची वाहवा झाली, आणि ती रास्तच होती. पण खरा पेच पुढे होता. घाटात खोल खोदाई, एकूण ५१० यार्ड म्हणजे सुमारे ४६६ मीटर बोगदे, आणि चढ एकास चाळीसपर्यंत. एक कोटीच्या हिशेबात लांबचा वळसा बसणारा नव्हता, म्हणून जवळचा आणि उभा रस्ता घेतला. कालाकुंडचे पुढचे दीडशे वर्षांचे नशीब या निवडीत ठरले.

एकास चाळीस म्हणजे काय

चाळीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. टक्केवारीत अडीच. मोटारीला हे काहीच नाही. जाम घाटात याहून उभे चढ आहेत. पण रबराच्या टायरला डांबर धरून ठेवते, लोखंडाच्या चाकाला लोखंडाचा रूळ तसा धरत नाही.

हिशेब सोपा आहे. एकास चाळीसच्या चढावर प्रत्येक टनाला २५ किलो जास्त ओढ लागते. मीटरगेजचे दहा डबे प्रवाशांसह साधारण ३०० टन धरू. वायडीएम-४ जातीचे डिझेल इंजिन ७२ टन. एकूण ३७२ टन. फक्त चढासाठी ९.३ टन ओढ. चाके फिरायचा नेहमीचा विरोध टनाला चार-पाच किलो, म्हणजे आणखी दीड-पावणेदोन टन. एकूण ११ टन. आता इंजिन किती ओढू शकते ते त्याच्या ताकदीपेक्षा त्याच्या पकडीवर ठरते. कोरड्या रुळावर पकड वजनाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास धरली तर १८ टन. काम भागते. पण पावसाळ्यात रूळ ओला, त्यावर सागाची पाने पडून चेपलेली, बोगद्याच्या तोंडाशी ओलसर काजळी. पकड १५ टक्क्यांवर येते. ७२ चे १५ टक्के १०.८ टन. लागणार ११ टन. इंजिन जागच्या जागी चाके फिरवत राहते.

यात वळणे धरलीच नाहीत. वळणावर चाकाची कड रुळाला घासते आणि विरोध वाढतो. मीटरगेजवर वळणाच्या प्रत्येक अंशामागे चढात ०.०३ टक्के भर पडल्याचे धरतात. पाच अंशांच्या वळणावर अडीच टक्क्यांचा चढ २.६५ टक्क्यांसारखा लागतो, म्हणजे एकास अडतीसच्याही आत. चांगला आखणीकार वळणावर चढ तेवढा कमी करतो. जिथे खोऱ्याने ती मोकळीक दिली नाही, तिथे गाडी अडायची जागा ठरलेली असते, आणि ती घाटात काम केलेल्या प्रत्येक गँगमनला (रुळांची निगा राखणाऱ्याला) पाठ असते.

रुळावर वाळू सोडणे हा पहिला उपाय. तो तेवढ्यापुरता. दुसरा आणि पक्का उपाय म्हणजे बँकर : गाडीच्या मागे दुसरे इंजिन लावून ढकलणे. पुढे दोन इंजिने का लावत नाहीत, असे नेहमी विचारले जाते. दोन्ही पुढे लावली तर सगळ्या गाडीचे ओझे पहिल्या कपलिंगवर (डबे जोडणाऱ्या सांध्यावर) येते, आणि चढावर कपलिंग तुटले तर मागचे डबे उताराला लागतात. मागे बँकर असला की ओझे दोन टोकांत वाटले जाते आणि मागे सुटणाऱ्या डब्यांना आडवे उभे राहणारे काहीतरी असते.

आता नकाशा पाहा. खंडव्याकडून येणारी गाडी मुख्तियारा बलवाडा, चोरल असे करत येई तोवर चढ बेताचा. खरा घाट कालाकुंडपासून पाताळपाणीपर्यंत, साडेनऊ किलोमीटर. म्हणजे बँकर जोडायचा तो कालाकुंडला. वर जाणारी गाडी इथे थांबणार, मागे इंजिन येणार, जोडणार, ब्रेकची नळी जुळवून तपासणार, मग सुटणार. दहा-पंधरा मिनिटे गेलीच.

उतरणीला धोका उलटा. या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक. नळीत निर्वात असेल तोवर ब्रेक सुटलेले, हवा आत शिरली की ब्रेक लागतात. नळी फुटली तर गाडी आपोआप थांबते, हा त्याचा गुण. पण लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवले की ठोकळे तापतात, झिजतात, पकड कमी होते. आणि धरून-सोडून चालवायचे तर प्रत्येक वेळी निर्वात पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात वेग वाढला तर आवरत नाही. म्हणून घाट उतरण्याआधी पाताळपाणीला थांबून ब्रेक तपासायचे, आणि तळाला कालाकुंडला पुन्हा थांबायचे. वर जाणारी असो वा खाली येणारी, गाडीला कालाकुंड चुकत नसे. वाफेच्या काळात यात पाणी आणि कोळसा यांची भर होती. घाटाच्या पायथ्याला या दोन गोष्टी हाताशी नसतील तर इंजिन वर जाऊन कोरडे पडते.

म्हणजे स्टेशनची जागा गावासाठी निवडलेली नाही. चढ जिथे सुरू होतो तिथे स्टेशन आले. स्टेशनला गँगमन, पॉइंट्समन, इंजिनवाले लागले. त्यांना राहायला घरे लागली. घरांना दूध-भाजी लागली. वस्तीला आजचा आकार असा आला. कित्येक घाटांच्या पायथ्याला हेच झाले आहे. पुणे-मुंबई लाइनवरचे कर्जत हे याच साच्याचे मोठे भावंड. ते वाढून शहर झाले, कारण त्याच्यामागे मुंबई होती. कालाकुंडच्या मागे जंगल होते.

टंट्यामामाचा थांबा

पाताळपाणीला गाडी थांबते याचे दुसरे कारण लोक सांगतात. निमाडचा टंट्या भिल्ल, इंग्रजांना आणि सावकारांना वर्षानुवर्षे हुलकावण्या देणारा टंट्यामामा, ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला फाशी गेला. त्याचा देह पाताळपाणीजवळ रुळांशेजारी आणून टाकला असे मानतात. तिथे त्याचे स्थान आहे, आणि भोंगा देऊन सलामी दिल्याशिवाय गाडी घाट सुखरूप उतरत नाही, ही श्रद्धा आहे. अलीकडे स्टेशनलाही त्याचेच नाव मिळाले. ब्रेक तपासायचा नियम आणि ही सलामी एकाच जागी पडतात याचे नवल वाटू नये. जिथे थांबणे जीवनमरणाचा प्रश्न असतो, तिथे ते नुसत्या नियमपुस्तकाच्या भरवशावर कुणी सोडत नाही.

दक्षिणेकडची गाडी

१८८० च्या दशकात होळकर स्टेट रेल्वे राजपुताना-माळवा रेल्वेत सामावली, पुढे बीबीसीआयकडे (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेकडे) आणि १९५१ नंतर पश्चिम रेल्वेकडे गेली. कालाकुंडच्या दृष्टीने याहून मोठा बदल स्वातंत्र्यानंतर झाला. खंडवा-अकोला-हिंगोली असा मीटरगेजचा दुवा पुरा झाला आणि राजस्थानपासून हैदराबादपर्यंत एकाच गेजची सलग लाइन तयार झाली. तिच्यावर मीनाक्षी एक्सप्रेस धावू लागली. इंदूरच्या मराठी कुटुंबांना अकोला, वाशीम, हिंगोली, पूर्णा गाडी न बदलता गाठता येऊ लागले. लग्न अकोल्याला, माहेर वाशीमला, नोकरी इंदूरला, अशी किती तरी घरे याच लाइनवर जोडलेली. आणि त्यातल्या प्रत्येकाला येता-जाता कालाकुंडला दहा मिनिटे खिडकीत बसावेच लागे.

दहा मिनिटांचा बाजार

त्या दहा मिनिटांत फलाटावर विकायचे काय? पुढे पोचेपर्यंत शिजवत बसावे लागणार नाही, भांडे परत मागावे लागणार नाही आणि सुटे पैसे मोजत बसावे लागणार नाही, असे काहीतरी. जंगलातल्या गावाकडे गुरे असतात, म्हणजे दूध असते. दूध तसे विकायला दूर जावे लागते आणि वाटेत नासते. आटवून घट्ट केले की त्याचे वजन पाचव्या हिश्शावर येते. खाकऱ्याची पाने जंगलात फुकट. दोन-तीन पाने काडीने टाचली की द्रोण. कालाकुंडचा कलाकंद असा जुळून आला : दूध, लाकूड, पाने, थांबा. चारांतले एकही बाहेरून आणावे लागत नव्हते.

मापे अशी धरावीत. म्हशीच्या १० लिटर दुधाचा खवा साधारण २.१ ते २.३ किलो निघतो; गाईच्या दुधाचा पावणेदोन-एक किलो. कलाकंद खव्यापेक्षा ओलसर ठेवतात आणि साखर दुधाच्या सहा-सात टक्के, म्हणजे १० लिटरला ६००-७०० ग्रॅम. एकूण पावणेतीन ते तीन किलो माल. शंभर ग्रॅमचा एक द्रोण धरला तर सत्तावीस ते तीस द्रोण. दहा डब्यांच्या गाडीत तीस गिऱ्हाइके मिळणे अवघड नाही, पण साठ-सत्तर मिळतीलच असेही नाही. म्हणून एका घराचा एका गाडीमागचा आवाका दहा-पंधरा लिटर दुधाचाच राहतो.

कृतीत चुकते ते दाण्यात. दूध मोठ्या पसरट कढईत तेज आचेवर, सतत ढवळत, निम्म्याच्या आसपास आटवायचे. मग चिमूटभर तुरटी किंवा अगदी थोडे लिंबाचे सत्त्व. दूध पूर्ण फाटता कामा नये, नुसता रवा धरला पाहिजे. आंबटपणा आधी टाकला तर पाणी सुटून छेना वेगळा होतो आणि मिठाई रबरासारखी लागते. उशिरा टाकला तर दाणा धरतच नाही, गुळगुळीत पेढ्याचा खवा होतो. साखर शेवटी, आधी टाकली तर तळाला करपते आणि रंग काळपट होतो. लाकडाच्या आचेवर थोडा धुराचा वास येतोच, आणि जुन्या प्रवाशांना हवा असतो तो नेमका तोच. कढईतून काढल्यावर झाकून संथ थंड होऊ दिला की मधला भाग तांबूस होतो.

टिकण्याचा प्रश्न मात्र अवघड. ओलावा जास्त, म्हणून उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी वास बदलायला लागतो, तिसऱ्या दिवशी बुरशीची भीती. उघड्या द्रोणात फलाटावरची धूळ आणि माश्या आल्याच. सकाळी केलेले संध्याकाळपर्यंत विकले गेले पाहिजे. रोज गाड्या होत्या तोवर हा दोष नव्हताच. उलट ताजेपणाची हमी होती.

गेज बदलताना गाव बाजूला पडले

१९९२ पासून रेल्वेने मीटरगेज लाइन ब्रॉडगेजमध्ये बदलायचे धोरण घेतले. गेज म्हणजे दोन रुळांतले अंतर : मीटरगेजचे १,००० मिलिमीटर, ब्रॉडगेजचे १,६७६. सलग लाइनचे तुकडे पडू लागले. पूर्णा-अकोला ब्रॉडगेज झाले, रतलाम-महू झाले, २०१७ पासून अकोला-खंडवा बंद पडले. मधला तुकडा आखूड होत गेला, गाड्या कमी झाल्या, आणि फेब्रुवारी २०२३ पासून महू-ओंकारेश्वर रोड हा शेवटचा भागही थांबला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बऱ्याच जणांना वाटते की छोटी लाइन काढून त्याच जागी मोठी टाकायची, म्हणजे दोन-चार वर्षांनी कालाकुंडला पुन्हा गाडी येईल. सपाट मुलखात तसे होते. घाटात होत नाही, कारण उताराचे गणित आडवे येते. पाताळपाणी ते कालाकुंड साडेनऊ किलोमीटर पूर्ण एकास चाळीसने उतरले असे धरले तर उंचीतला फरक जास्तीत जास्त २३७ मीटर. ब्रॉडगेजच्या जड मालगाड्यांसाठी एवढा उभा चढ आज कुणी नव्याने बांधत नाही. तोच फरक एकास शंभरने उतरायचा तर २३.७ किलोमीटर लागतील, एकास दीडशेने ३५ किलोमीटरच्या वर. एवढी लांबी त्या अरुंद खोऱ्यात बसत नाही. म्हणून नवी लाइन लांबचा वळसा घेऊन, वेगळ्या डोंगरातून, मोठ्या बोगद्यांनी उतरवावी लागते. ती कालाकुंडला टाळून जाते. ज्या उभ्या चढाने गावाला थांबा दिला, त्याच चढाने नव्या लाइनला गावापासून दूर लोटले.

रस्त्याची स्थिती अशी की इंदूर-खंडवा रस्ता चोरलवरून जातो. तिथून आत यायची वाट जंगलातून, ओढे ओलांडत. पावसाळ्यात ओढा चढला की वाहन अडते. गाडी होती तोवर आजारी माणसाला महूला नेणे, आठवड्याचा बाजार, शाळा-कॉलेज, सगळे वेळापत्रकावर चालायचे. मिठाईची आठवण सगळे काढतात. गावाचे खरे नुकसान या पासधारकांच्या प्रवासाचे आहे.

गावाचा इतिहास जुळवताना

अशा गावाची टिपणे करायची तर सुरुवात कागदांनी करू नये. आधी स्टेशन ते नदी आणि स्टेशन ते शेवटचे घर असे दोन फेरफटके मारून उताराची दिशा, विहिरी आणि रेल्वेच्या हद्दीचे दगड नकाशावर टाकावेत. रेल्वेची जमीन कुठे संपते आणि गावठाण कुठे सुरू होते ते या दगडांवरून कळते, आणि कोणते घर नोकरीमुळे आले व कोणते आधीचे, याचा पहिला अंदाज तिथेच येतो. विहिरींची खोली आणि मे महिन्यातली पाण्याची पातळी जरूर नोंदवावी. बेसाल्टमध्ये पाणी सच्छिद्र थरात आणि भेगांत असते; शेजारशेजारच्या दोन विहिरींत एक भरलेली आणि एक कोरडी असू शकते. जुनी वस्ती भरलेल्या विहिरीला चिकटून असते.

मग कागद. मध्य प्रदेशात खसरा (शेतांच्या नंबरांची नोंद), खतौनी (खातेदारांची नोंद) आणि नकाशा तहसिलीत मिळतात, पण गावाचा जुना चेहरा मिसल बंदोबस्त (जुन्या जमीनमोजणी-आकारणीचे कागद), निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढी-हक्कांची नोंद) यांत दिसतो. निस्तार पत्रकात चराई, सरपण, पाणवठा, स्मशान, रस्ता यांच्या जागा लिहिलेल्या असतात. जंगलातल्या गावाला शेताच्या उताऱ्यापेक्षा हा कागद महत्त्वाचा. होळकरी काळातले दप्तर मोडीत आहे, आणि इंदूरला मोडी वाचणारी मराठी माणसे अजून आहेत. त्यांच्याशिवाय हे काम पुढे सरकत नाही. वाचताना गावांच्या नावांत सगळ्यात जास्त घोटाळा होतो, कारण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. म्हणून एका नावाच्या आसपासची चार गावे जुळली तरच ते आपले गाव मानावे. रेल्वेकडची जुनी कामकाजाची वेळापत्रके मिळाली तर सोन्याहून पिवळे : कोणती गाडी किती मिनिटे थांबत होती हे त्यात छापलेले असते. कालाकुंडच्या अर्थकारणाचा तोच जमाखर्च आहे.

तोंडी माहिती घेताना ‘पूर्वी कसे होते’ असे विचारू नये. सगळे चांगलेच होते असे उत्तर येते. दिवसाला किती दूध आटवायचे, किती घरे आटवायची, द्रोण कोण करायचे, कोणत्या गाडीला जास्त खप व्हायचा, असे विचारावे. आकड्यांभोवती आठवण आपोआप उभी राहते.

आता

रुळांचा घाटातला तुकडा मात्र उखडलेला नाही. २५ डिसेंबर २०१८ ला इथे मीटरगेजची हेरिटेज गाडी सुरू झाली आणि लाइन बंद पडल्यावरही पाताळपाणी-कालाकुंड एवढी तीच राखली गेली. मोठ्या काचांचे डबे, बोगदे, धबधबा दिसतो तिथे थांबा. गिऱ्हाईक मुख्यतः पावसाळ्यातले आणि शनिवार-रविवारचे. धबधब्याशी उतरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : इथले पाणी वरच्या पठारावरच्या पावसाने वाढते, डोक्यावर ऊन असतानाही. जुलै २०११ मध्ये याच जागी लोंढा अचानक आला आणि पाण्यात उभे असलेले पाच जण वाहून गेले. तिघे वाचले नाहीत.

कालाकुंडला ही गाडी दोन तासांच्या वर उभी राहते. पूर्वीच्या दहा मिनिटांच्या मानाने हे भरपूर. पण पूर्वी दिवसातून अनेकदा दहा मिनिटे होती, आठवड्याचे सातही दिवस, वर्षाचे बाराही महिने. म्हैस दूध रोज देते, गाडी शनिवारी येते. चार दिवसांचे दूध साठवून शनिवारी कलाकंद करता येत नाही, कारण दाणा ताज्या दुधातच धरतो. आधी आटवून ठेवलेल्या खव्याची वडी होते, पेढा होतो. कलाकंद होत नाही. मधल्या दिवसांच्या दुधाला तूप हा टिकाऊ मार्ग आहे, पण म्हशीच्या १० लिटर दुधाचे तूप ६००-७०० ग्रॅमच निघते, आणि ते विकायला पुन्हा ओढे ओलांडून चोरलच्या रस्त्यालाच जावे लागते. त्यामुळे ज्या घरांत कढई चढते तिथे शुक्रवारचे संध्याकाळचे आणि शनिवारचे सकाळचे दूध धरून हिशेब बसवावा लागतो, आणि गाडी रद्द झाली, पावसाने घाटात दगड आला, तर ती कढई त्या आठवड्याला घरातच संपते.